थांबलेल्या चित्रात माझे मिस्टर उभे होते

लातूरच्या संजूशेठनं मला फसवलं. आधीच्या गिऱ्हाइकानं परत आणून टाकलेला लॅपटॉप त्यानं मला नव्या लॉटमधला म्हणून विकला. फसवलं हे मी त्याच्या तोंडावर, भर बाजारात, माणसं गोळा करून सांगितलेलं आहे. त्यामुळे इथं लिहायला मला काही वाटत नाही. त्याचं खरं नाव संजू नाही, एवढीच सवलत देते.

या पानावर लोक आपापले अनुभव लिहितात ते मी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचते. आजवर वाचून हसतच आले. माझी अम्मी चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की दहा पावलं वळसा घालून जायची, आणि मी लहानपणी पैज लावून तसलं लिंबू घरी आणून त्याचं सरबत करून प्यायले होते. काही झालं नाही. अम्मीनं मारलं तेवढंच. तर मी अशी बाई. तरी आज लिहायला बसले, कारण पोलिसात सांगण्यासारखं हे नाही, डॉक्टरला सांगून झालं, आणि घरात ज्यांना सांगावं त्यांना उत्तर देता येत नाही.

मी नांदेडची. देगलूर नाक्याच्या बाजूला माझं ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. सुरुवात जिन्याखालच्या जागेत एका पिको-फॉलच्या मशीनवर केली, आज तीन बायका माझ्याकडे कामाला आहेत. भाव करणं मला कुणी शिकवलं नाही. सुरतेचा व्यापारी फोनवर भाव सांगतो, मी गप्प बसते, आणि समोरचा आपसूक खाली येतो. राग मात्र मला गप्प बसून काढता येत नाही... हा माझा दोष आहे, आणि पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे.

माझे मिस्टर इक्बाल, पेंटर. नांदेडच्या जुन्या बाजारात हातानं रंगवलेल्या ज्या पाट्या अजून टिकून आहेत, त्यांतल्या कितीतरी त्यांच्या. फ्लेक्स आला, काम कमी झालं, तरी यांनी ब्रश सोडला नाही. लिहायची त्यांची एक पद्धत होती. डाव्या हाताची मूठ भिंतीला टेकवायची, तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं, श्वास रोखायचा आणि मग अक्षर ओढायचं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना काम करताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस भिंतीच्या कानात काहीतरी सांगतोय.

गेल्या वर्षी सकाळी चहा पिता पिता कप हातातून सुटला. उजव्या बाजूचा लकवा. हात गेला, पाय गेला, तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, पण बोलता येणार नाही. एक शब्द तेवढा राहिला. हाव, म्हणजे हो. "जेवता का?" हाव. "जेवण नको?" हाव. "माझ्यावर चिडलात?" हाव. दिवसातून पन्नास वेळा मी हा शब्द ऐकायची आणि पन्नास वेळा चिडायची.

दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. घर दुकानापासून चालत सात मिनिटं आहे, पळत चार. हे मी नंतर बरोबर मोजलंय. शेजारच्या रजिया आपा मधूनमधून येऊन बसायच्या. बाकी वेळ मी जुना मोबाईल यांच्या पायथ्याशी लावून ठेवायची, म्हणजे दुकानात माझ्या मोबाईलवर यांचं चित्र दिसायचं. तो मोबाईल दिवसभर चालू राहून राहून तापला, बॅटरी फुगली. कुणीतरी म्हणालं, एक जुना लॅपटॉप घ्या. स्क्रीन मोठी, आवाज मोठा, तुम्ही दुकानातून बोललात तर त्यांना ऐकू जाईल. ते मला पटलं.

मोठ्या डॉक्टरकडे आम्ही लातूरला जातो. त्या दिवशी नुसते रिपोर्ट दाखवायचे होते म्हणून मी एकटीच एसटीने गेले. काम लवकर झालं आणि मी गंजगोलाईच्या बाजाराकडे वळले. तिथल्या एका गल्लीत संजूशेठचं जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे.

"भाभी, हैदराबादच्या कंपनीचा लॉट हाय. आजच पेट्या फोडल्यात बगा."

"पेट्या आज फोडल्या आणि कीबोर्डवर चहाचा डाग कधीचा?"

"आता वापरलेलं म्हणल्यावर जरा..."

"जरा म्हणजे किती कमी करता?"

"भाभी, आता दुकानच उचलून न्या तुमी."

"दुकान कशाला? गल्ल्यावर तुम्ही बसलेले असाल, तुम्हाला कुठं ठेवू?"

कोपऱ्यात भिंग लावून बसलेले एक म्हातारे गृहस्थ यावर मोठ्यानं हसले. ते कुलकर्णी सर. आयटीआयमधून रिटायर झालेले, आता संजूशेठकडे बोर्ड दुरुस्त करतात.

कापड घेताना मी ते ओढते, चुरगाळते, ओल्या रुमालानं घासते. खराब माल ताणल्याशिवाय कळत नाही. त्याच हिशेबानं मी लॅपटॉप ताणला. म्हटलं, एक व्हिडिओ लावा. लावला. अजून एक लावा. असे दहा व्हिडिओ एकदम लावून मी दोन तास स्टुलावर बसले, आणि ते चालू असताना भाव करत राहिले. पंखा घुंई करत होता, बूड तव्यासारखं तापलं, पण मशीन एकदा अडकलं नाही. संजूशेठ शेवटी हात जोडून म्हणाला, "घ्या माय, तुमच्याच भावात घ्या."

एसटीत मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, जिंकले.

चौथ्या दिवशी लॅपटॉप पहिल्यांदा फ्रीज झाला. फ्रीज म्हणजे बंद नाही. स्क्रीन चालू, चित्र दिसतंय, पण सगळं जागच्या जागी थांबलेलं. बाण हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे जात नाही, कुठलं बटण दाबलं तरी काही नाही. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं आणि परत चालू करायचं, हाच इलाज. दुकानात माझ्या मोबाईलवर मग तेच शेवटचं चित्र राहायचं, मधे एक गोल फिरत.

संजूशेठला फोन केला. "भाभी, रीस्टार्ट मारा." दुसऱ्या दिवशी परत. "अपडेट मारा." तिसऱ्या दिवशी परत. "भाभी, तुमच्याकडं लाईटचा प्रॉब्लेम असंल." मी म्हटलं, लाईटचा प्रॉब्लेम तुमच्या डोक्यात आहे. त्यानंतर त्यानं फोन उचलणं कमी केलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मी दुकानातून यांच्याशी बोलत असले, किंवा आपा त्यावर गाणी लावून देत, तेव्हा मशीन ठीक चालायचं. नुसतं ठेवलं, कुणी काही करत नसलं, की थांबायचं.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. सकाळी अकरा-साडेअकराची वेळ, दुकानात एक नवरी मुलगी आणि तिच्या चार काकवा. मी कापडाचं थान उलगडता उलगडता मोबाईलकडे पाहिलं. चित्र थांबलेलं होतं, गोल फिरत होता. आणि चित्रात इक्बाल पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसले होते.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. यांना उठवून बसवायला दोन माणसं लागायची, आणि पाठीला उशा लावल्या नाहीत तर ते उजवीकडे कलंडायचे. मला पहिल्यांदा एवढंच सुचलं की ते आता पडणार. थान तसंच टाकून मी पळाले. चप्पलही नव्हती पायात.

घरी इक्बाल आडवे. मी सकाळी ओढून दिलेली चादर छातीपर्यंत तशीच. माझा मोबाईल आता नुसता काळा होता आणि पायथ्याचा लॅपटॉप आपला आपण परत चालू झाला होता. मी स्वतःला समजावलं, उशीचा कोपरा वर आला असेल, छोट्या स्क्रीनवर तसं वाटलं असेल. दुकानात परत गेले तर नवरी गेलेली. तो राग मी संजूशेठवर काढला. फोन लागला नाही, म्हणून मेसेजमध्ये काढला.

चार-पाच दिवसांनी दुपारी परत. या वेळी मी नजर नीट लावून पाहिलं. पलंग रिकामा होता. इक्बाल खिडकीशेजारच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे होते, माझ्याकडे पाठ करून. डाव्या हाताची मूठ भिंतीला टेकलेली. तिच्यावर उजवं मनगट.

अंगात तोच निळा शर्ट होता, जो मी त्या सकाळी त्यांना घातला होता. पाठीवर बटणं असलेला, कारण लकव्याच्या माणसाला घालायला सोपा म्हणून मीच तो मागून कापून शिवला होता. तसा शर्ट जगात दुसरा नाही. म्हणजे ते जुनं चित्र नव्हतं. चित्राच्या कोपऱ्यात येणारी वेळही दोन मिनिटांपूर्वीची.

मी स्क्रीनशॉट काढला आणि पळाले.

दारातच रजिया आपा भेटल्या. हातात रिकामी वाटी.

"क्या हुआ गे? भूत देखी क्या?"

"आपा, तुम्ही कुठे होता आत्ता?"

"अंदरच तो थी. अर्ध्या घंट्यापासनं. भाई को दलिया खिला रही थी."

"ते उठले होते?"

"कौन, भाई? पागल हुई क्या? करवट भी नै बदले."

आत गेले. इक्बाल पलंगावर, हनुवटीला दलिया लागलेला. आणि पायथ्याशी लॅपटॉप... तो या वेळी अजून थांबलेलाच होता. स्क्रीनवर तीच खोली, तोच पलंग, रिकामा. भिंतीसमोर उभे इक्बाल. पलंगाशेजारी आपांची खुर्ची होती, त्या अर्धा तास बसलेल्या होत्या ती. तीही रिकामी.

मी मधे उभी होते. एका बाजूला आडवे इक्बाल, एका बाजूला उभे. मला काय करावं कळेना. आपा स्क्रीनकडे पाहून मागे सरकल्या आणि पुटपुटायला लागल्या. आणि मला राग आला. कशाचा ते विचारू नका. भीती वाटली की मला रागच येतो. मी पॉवरचं बटण दाबलं आणि काळं होईपर्यंत दाबून धरलं.

ते चित्र माझ्या हातानं गेलं. स्क्रीनशॉट राहिला म्हणून एवढं तरी म्हणू शकते.

संध्याकाळी मी यांच्याजवळ बसून विचारलं, "अजी, आज तुम्ही उभे राहिला होता?"

"हाव."

"भिंतीकडे गेला होता?"

"हाव."

"खोटं बोलू नका. पलंगावरच होता ना?"

"हाव."

मी उठून बाहेर गेले. ज्या माणसाला सगळं माहीत आहे त्याच्याकडे एकच शब्द आहे, आणि तो कुठल्याही प्रश्नाला चालतो. यापेक्षा मोठी थट्टा मी पाहिलेली नाही.

पुढचे काही दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गिऱ्हाईक समोर असायचं आणि माझा डोळा मोबाईलवर. मशीन थांबावं असंही वाटायचं, थांबू नये असंही वाटायचं. खरं सांगते, आत कुठेतरी मला आनंद झाला होता. रोज पाच मिनिटं मी भिंतीवर हात फिरवून बघायची, रंगाचा डाग आहे का. नसायचा.

तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते, मी नुकतं शटर वर केलं होतं. चित्रात इक्बाल उभे होते आणि या वेळी त्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं. ते हसत होते. तोंडाचा उजवा कोपरा जागच्या जागी, सरळ. लग्नाच्या फोटोत हसतात तसे.

पण मागे पलंग दिसत होता. चादर घडी घालून पायथ्याशी ठेवलेली. उशी काढलेली. गादी गुंडाळलेली.

आमच्याकडे गादी कधी गुंडाळतात हे वाचणाऱ्याला सांगायला नको. माणूस बरा होऊन उठला तरी गुंडाळतात... आणि उठला नाही तरी गुंडाळतात.

त्या वेळी मी पळाले नाही. उंबऱ्यातच खाली बसले. शेजारचा दुकानदार पाणी घेऊन आला. मी घरी पोचले तेव्हा इक्बाल होते, श्वास चालू होता, गादी अंगाखाली होती. आणि मी ठरवलं की हे बंद करायचं. चांगलं असो, वाईट असो, मला नको. दुसऱ्या दिवशी आपांना घरी बसवलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि लातूरची एसटी धरली.

संजूशेठच्या दुकानात मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. गल्लीतली माणसं जमा झाली एवढं पुरे. शेवटी कुलकर्णी सरांनी लॅपटॉप ओढून घेतला, दहा मिनिटं काहीतरी बघितलं आणि मला स्टुलावर बसायला सांगितलं.

"ताई, घेताना तुम्ही याला दोन तास पळवलंत. आठवतं?"

"आठवतं की. माल तपासून घेतला."

"चुकीच्या बाजूनं तपासलात. प्रोसेसरला काम नसलं की तो वीज वाचवायला झोपतो. आधी डुलकी, मग जरा गाढ, मग अगदी गाढ. दोन कामांच्या मधे मधेसुद्धा, सेकंदात शेकडो वेळा. यातला जो सगळ्यात गाढ झोपेचा टप्पा आहे, त्यातून हे मशीन कधीकधी वरच येत नाही. तिथंच राहतं. तुम्ही दहा व्हिडिओ लावून याला झोपूच दिलं नाहीत, मग दोष दिसणार कसा? हे कामात अडकत नाही, आरामात अडकतं."

 इतकी वर्षं माल ताणून घेतला, सोडून ठेवून कधी बघितला नाही.

"बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, ती गाढ झोप बंद करता येते," सर म्हणाले. "पंखा जरा जास्त फिरेल, वीज जरा जास्त खाईल, पण थांबणार नाही."

तेव्हा मी मोबाईल काढून त्यांना स्क्रीनशॉट दाखवला. दुसऱ्या वेळचा. तिसऱ्या वेळी मला स्क्रीनशॉट सुचलाच नव्हता. सगळं सांगितलं. सरांनी भिंग उतरवलं, फोटो मोठा करून पाहिला, शर्टाची मागची बटणं पाहिली.

संजूशेठ वाकून म्हणाला, "भाभी, जुना व्हिडिओ असंल हो. आधीचा."

"शर्ट लकव्यानंतर शिवलाय. तुमचा ‘आधीचा’ म्हणजे कधीचा?"

तो सरळ होऊन गल्ल्यामागं गेला.

मोबाईल मला परत देत सर म्हणाले, "मशीन थांबलं की शेवटचं चित्र धरून ठेवतं. ते नवं चित्र तयार करत नाही. ते का थांबतं ते मी सांगू शकतो. यात काय आहे... ते मला नाही सांगता येणार."

मला वाटतं, तेव्हा मी थांबायला हवं होतं. पण संजूशेठ मधेच म्हणाला, "ठेवून जावा मशीन, पैसे देतो परत," आणि माझं डोकं फिरलं. दोष माझ्या माथी मारून आता पैसे परत? मी म्हटलं, मशीन मी ठेवणार नाही, इथंच, माझ्यासमोर, फुकट दुरुस्त करून पाहिजे, आणि वर वर्षाची लेखी वॉरंटी. तासभर भांडले. मिळवलं. सरांनी सेटिंग बदललं, लॅपटॉप तीन तास टेबलावर नुसता ठेवला, कुणी हात लावला नाही. घड्याळ सरकत राहिलं. एकदाही थांबला नाही.

त्या दिवसापासून आजपर्यंत तो लॅपटॉप फ्रीज झालेला नाही. चित्र अगदी स्वच्छ येतं. इक्बाल पलंगावर आडवे. सकाळी आडवे, दुपारी आडवे, पंख्याच्या वाऱ्यानं चादरीचा काठ हलतो तेवढाच. दिवसभर मी ते बघते.

आठव्या दिवशी मी विचारलं, "चहा देऊ?" उत्तर नाही. मी वळून पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, ओठ हलत होते, घशात काहीतरी येत होतं, पण शब्द नव्हता. मी परत विचारलं, ओरडून विचारलं, वाटेल ते विचारलं. ज्या शब्दाचा मला वीट आला होता तो शब्द गेला. डॉक्टरांनी नवा स्कॅन केला. म्हणाले, लहानसा झटका परत येऊन गेला असेल, असं होतं. लॅपटॉपच्या बदललेल्या सेटिंगचा आणि याचा काही संबंध आहे का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी फाईल उचलून बाहेर आले.

मी कुलकर्णी सरांना फोन केला. म्हटलं, ते परत चालू करायचंय. ते म्हणाले, "ताई, विचार करा." मी म्हटलं, विचार झालाय. त्यांनी एकेक पायरी सांगितली, मी एकेक बटण दाबलं. गाढ झोप चालू केली. मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी लॅपटॉप नुसता सोडून दिला. बोलले नाही, गाणी लावली नाहीत, आपांना हात लावू दिला नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. थांबला नाही. सर म्हणाले, "असं व्हायला नको. सेटिंग पहिल्यासारखं केलं म्हणजे बिघाड पहिल्यासारखा यायला पाहिजे." पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. बॅटरी काढून बघितली. सगळं केलं. मशीन ठणठणीत आहे. असं निरोगी मशीन माझ्या घरात दुसरं नाही.

गेल्या आठवड्यात मी परत लातूरला गेले. या वेळी भांडायला नाही. संजूशेठच्या समोर बसले आणि म्हटलं, "शेठ, बिघडवून द्या. जे मागाल ते देते."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. माझ्यासारखीनं असं म्हणायचं नसतं. व्यापाऱ्याचे डोळे चमकायला हवे होते. संजूशेठचे चमकले नाहीत. तो उठून आत गेला.

कुलकर्णी सर हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या आधी हे मशीन एका बाईंकडे होतं. त्यांनी परत आणून दिलं. का देताय विचारलं तर काही सांगेनात. टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या. तुम्ही घेऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी परत आल्या. तेच मशीन पाहिजे म्हणाल्या. विकलं म्हटलं तर इथं, या पायरीवर, बराच वेळ बसून होत्या."

"दुरुस्त केलं होतं का त्यांचं?"

"नाही. फॉरमॅट करून तुम्हाला दिलं."

"कोण होत्या त्या? कुठल्या?"

सरांना माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांच्या नावांची वही संजूशेठकडे. मी आत गेले. तो पाठ करून उभा होता. म्हणाला, "भाभी, गिऱ्हाइकाचं नाव मी कुनाला सांगत न्हाई. धंद्याचा नियम हाय." मी ओरडले, मग हात जोडले. तो म्हणाला, "माजी चूक झाली. पैसे घ्या, पन ते विचारू नका." ज्या माणसानं चहाच्या डागावरून माझ्याशी अर्धा तास वाद घातला, त्याला त्या वहीचं पान उघडायची भीती वाटत होती.

हे लिहितेय तेव्हा समोर मोबाईल आहे. चित्र चालू आहे. आपांनी आत्ताच यांना कुशीवर वळवलं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. माझ्या डोळ्यांचा दोष म्हणणाऱ्यांनी स्क्रीनशॉट बघायला दुकानात यावं, चहा पाजीन. पण संजूशेठ, तुम्ही हे पान वाचता हे मला कुलकर्णी सरांनी सांगितलंय. पैसे नकोत. वॉरंटीचा कागद मी फाडला. मला त्या बाईचं नाव पाहिजे. तिच्या घरी कोण अंथरुणावर होतं, थांबलेल्या चित्रात ते माणूस काय करत होतं, आणि तिनं मशीन तुमच्या टेबलावर ठेवल्यावर घरी काय झालं, हे तिला विचारायचा मला हक्क आहे. तिच्या घरची गादी कुणी गुंडाळली? उठलेल्या माणसानं, की राहिलेल्यांनी?

वही उघडा, शेठ. उत्तर द्या.